मास्तरचा डबा अन् लाख्याचा डावा कान

आमगाव ते गोंदिया, या साऱ्या पट्ट्यात माह्यासारखा शंकरपटाची जोडी हाकनारा मानूस नाही. हे आतापावतर फक्त मीच बोललो हाय, दुसऱ्या कोनाच्या तोंडून आयकलं नाही.

धान कापून घरात आला का थंडीत आमच्याकडे शंकरपट भरते. बैलजोडीले हलका छकडा जुपायचा, वर एक मानूस उभा राहनार, झेंडी पडली का सुटायचं. मी हाकनारा कसा झालो तं अंगानं लहान म्हनून. छकड्यावर मानूस जेवढा हलका तेवढे बैल मोकळे पळतेत. जोडी माह्या मोठ्या भावाची, छकडा भावाचा, अन् भावाच्या घरी माह्याएवढी हलकी दुसरी वस्तू म्हनजे अर्धं पोतं कोंडा. कोंड्याले हाकता येत नाही म्हनून मले घेतलं. मले बी येत नाही हे मंग समजलं.

पन ही गोष्ट माही नोहे. माह्यात गोष्ट होन्यासारखं काही नाही. शाळेत दोन सालं गेलो, दोन्ही पयलीतच. आता गोंदियात ऑटो चालवतो, कुडव्यात भाड्यानं राहातो. गोष्ट हाय ती आमच्या घरमालकाची. त्याहिले सारा कुडवा मास्तर म्हने. आयटीआयमंधी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवून रिटायर झालेले. बायको वारलेली, पोरगी नागपुरात. घरात मास्तर, त्याहिचे तारांचे गुंडाळे अन् तो डबा.

डब्याची अन् माही पयली भेट खोली पाहाले गेलो त्या दिवशी झाली. माही बायको सोबत. मास्तरनं नाव इचारलं नाही, गाव इचारलं नाही. दोघाईले खाटेवर बसवलं अन् माह्या दोन बोटाले कपडे वाळवाचे दोन चिमटे लावले. चिमट्याच्या आतून चाकलेटची चांदीवानी पन्नी, पन्नीतून तार, तार जुन्या बिस्किटाच्या डब्यात. डब्याले रेडिओचा स्पीकर. खटका दाबला तं डबा हळूच गुनगुनाले लागला.

"नवरा-बायकोचं भांडन होते का?" मास्तर म्हने.

"नाही जी, कधीच नाही," मी म्हनलो.

डबा कुंईईईई करून असा किंचाळला, का बाजूच्या घरचा कुत्रा उठून बसला.

माही बायको पदरात तोंड घालून हासाले लागली. मी म्हनलो, गेली खोली. पन मास्तरचे डोळे चमकून राहिले होते. "देखो बाबू, आजपावतर सात भाडेकरू तपासले. इतका मोठा आवाज कोनाचाच नाही निघाला. सामान घेऊन या." अन् मंग म्हनाले, "पन एक ध्यानात ठेव. डबा खोटं पकडत नाही. तू घाबरला होता, तेवढंच त्यानं सांगतलं. खोटं तं तुह्या बायकोनं पकडलं."

असे ते मास्तर. कोनी घरी आला तं रामराम कराच्या आधी त्याची नाडी धरत. दूधवाल्याची नाडी, मीटर वाचनाऱ्याची नाडी. लग्नात जात तं कापडी पिशवीत डबा असे, अन् नवरदेवाच्या बापाले कोपऱ्यात घेऊन चिमटे लावत. टीव्हीवरच्या बातम्या चिमटे लावून पाहात. डबा वर चढला का टीव्ही बंद. म्हनून त्याहिच्या घरी बातम्या कधी दोन मिनिटावर गेल्या नाही.

मले पयले वाटलं का डब्यातून करंट येते अन् रोग बरा करते. एक दिवस मास्तर बाजारात गेले तं मी चिमटे लावून दोन घंटे बसलो, म्हनलं जेवढं जास्त तेवढं चांगलं. कंबरदुखी होती ना. मास्तर परत आले, मले पाह्यलं, म्हने, "काय करून राहिला?"

"कंबरेचा इलाज, जी."

"आरशापुढं दोन घंटे बसला तं दाढी होते का रे?"

मी एक एक चिमटा काढाले लागलो.

"डबा काही करत नाही बाबू. डबा फक्त सांगते. तोंडाले काळं लागलं तं आरसा सांगते, पुसा लागते आपल्यालेच. आतल्याले आरसा नोता, तो हा हाय. भेव वाटलं, राग आला, का बोटाले बारीक घाम येते. आपल्याले दिसत नाही, डब्याले दिसते. आवाज आयकून आयकून मानूस शिकते का, आपलं आत काय करून राहिलं अन् त्याले खाली कसं आनाचं."

हे खूळ त्याहिच्या डोक्यात कुठून आलं, ते त्याहिनं एकदाच सांगतलं. लकवा झाला होता. उजवा हात गेला. रेडिओ-टीव्हीवाल्याचा उजवा हात म्हनजे सारी जिंदगी. मास्तर म्हने, मी हात मेला म्हनून सोडून देला होता, मांडीवर ठेवत होतो जसा दुसऱ्याचा सामान. मंग नागपूरच्या एका दवाखान्यात कसरत शिकवनाऱ्या पोरीनं हाताले पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्याची तार एका पडद्याले. म्हने, काका, मूठ आवळा. मास्तर म्हने, नाही होत. ती म्हने, हाताकडे नोका पाहू, पडद्याकडे पाहा, पुन्हा करा. मास्तरनं केलं. हात हालला नाही. पन पडद्यावरची रेघ हालली. एवढीशी. मुंगीनं पाय उचलावा एवढी.

"मी तिथंच रडलो बाबू," मास्तर म्हने. "हात जित्ता होता. मलेच माहीत नोतं. कोनीतरी सांगाले पाहिजे होतं."

त्या रेघेच्या मागं लागून सहा-सात महिन्यात त्याहिनं मूठ आवळली. त्याच हातानं मंग डबा जोडला. मी ही गोष्ट आयकून म्हनलो, "मास्तर, मले लहानपनी शाळेत पडदा असता तं मी बी पास झालो असतो." मास्तर म्हने, "रेघ हालाले आत काहीतरी पाहिजे ना."

एकदा जत्रेच्या वक्ती मी त्याहिले माह्या ऑटोत कचारगडले नेलं. चढताना मास्तर दर टप्प्यावर थांबून आपली नाडी मोजत, माही मोजत, अन् वहीत लिहीत. माही नाडी लिहाले त्याहिले दोन ओळी लागल्या म्हने. तिथं एक म्हातारी भेटली, डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही, वर चढून आली होती अन् गोट्यावर बसून आरामात पानी पीत होती. मास्तरनं इचारून तिची नाडी धरली. धरली ते सोडेच ना. मंग वाकून तिच्या पाया पडले. म्हातारी लाजली, म्हने, "कायले जी?" मास्तर म्हने, "माय, मी जो डबा बाहेर बनवून राहिलो, तो तुह्या आतच हाय." म्हातारीनं मले इचारलं, "याहिले ऊन लागलं का?"

आता माही फजिती.

तीन सालं मी भावाची जोडी पटात पळवली. लाख्या अन् रॉकेट. लाख्याले भावानं वासरू होता तईपासून हातानं चारून वाढवलं. पयल्या साली मी दोघाईले चहाच्या दुकानात घातलं. लोक म्हने, थंडी हाय, बैलाले बी चहा लागते. दुसऱ्या साली झेंडी पडाच्या आधीच सुटलो, बाद. तिसऱ्या साली झेंडी पडली, छकड्यानं हिसका देला, मी मागं पडलो. बैल पळत गेले अन् पयले आले. मी बी आलो मागून, पायी, धोतर धरून. रिकामा छकडा धरत नाही म्हनून पंचानं बाद केलं.

भाऊ होळीपावतर माह्यासंग बोलला नाही. भाऊ असाही दिवसाले चार शब्द बोलते, तीन बैलाशी. होळीले आला अन् चौथा मले देला. म्हने, "बुटक्या, पुढचा पट शेवटचा. बिघडवला तं जोडी इकून टाकतो. बालाघाटवाला मागून राहिला."

"लाख्याले इकशील?" माह्या तोंडातून निघालं.

"ज्याले हाकता येते त्याच्या घरी जाऊ दे. माह्या हट्टापायी त्याची जवानी कायले बरबाद करू?"

म्हनला अन् गोठ्यात गेला. लवकर बाहेर आला नाही. मले समजलं का या मानसाचा जीव जाते इकताना, पन इकन तो नक्की.

अन् झेंडी म्हनलं का माही मूठ आपोआप आवळे, छाती धडधडे, डोळ्यापुढं चहाचं दुकान येई. पयले बैलाले टोचाले खिळ्याची काठी, तुतारी होती, चाबूक होता, मानूस कसाही असो बैल मारानं पळत. आता कायद्यानं ते सारं बंद, अन् बरंच झालं. आता हाती फक्त कासरा अन् तोंडात आवाज. म्हनजे जे हाकनाऱ्याच्या आत तेच बैलाच्या अंगात. माह्या आत तं जत्रा भरली होती.

त्याच दिवसात बायकोनं मले सरकारी दवाखान्यात नेलं, डोकं दुखते म्हनून. सिस्टरनं बीपी मोजला अन् पुन्हा मोजला. मी म्हनलो, "मशीन बिघडली असन." तिनं स्वतःचा मोजून दाखवला, मशीन चांगली होती. डॉक्टरनं गोळी देली. मी ती घरी आनून देवाच्या फोटोमागं ठेवली. मास्तरच्या कानावर बायकोनंच घातलं.

मास्तर आले, फोटोमागून गोळ्या काढल्या, माह्या हातावर ठेवल्या. "गोळी पोटात, डबा बोटात. दोन्ही पाहिजे. डॉक्टरले इचारल्याबिगर एक बी गोळी सोडली तं खोली खाली करजो."

अन् रोज सांजच्याले ओसरीत माही शाळा भरू लागली. चिमटे बोटाले, डबा खुर्चीवर. मास्तर म्हनत, "पट." डबा किंचाळे. "झेंडी." डबा आनखी वर. "चहाचं दुकान." बाजूचा कुत्रा आता उठत बी नोता, त्याले सवय झाली होती.

"आता खाली आन," मास्तर म्हनत.

मी जोर लावला. दात आवळले, डोळे मिटले, मनात म्हनलं, शांत हो, शांत हो बे! डबा असा बोंबलला का मास्तरनं कानावर हात ठेवले.

"शांती का नांगर हाय, जोर लावून ओढाले? चार मोजत श्वास आत घे, सहा मोजत बाहेर सोड. अन् डब्याले हारवाचं नाही, आयकाचं."

आठ-दहा दिवस काहीच नाही. मास्तरच्या वहीत माह्या नावापुढं नुसते डोंगर. मले लाज वाटाले लागली. मंग मी एक अक्कल लढवली. आमच्याकडे राइस मिलच्या तुसाची राख हाताले लावतेत, कासरा घामानं सटकू नये म्हनून. पटाचा मानूस मी, माह्या डोक्यात तेच आलं. सांजच्याले जायच्या आधी बोटाले चांगली राख घासली अन् मोठ्या ऐटीत जाऊन बसलो. मास्तर म्हने, "पट." डबा गप. "झेंडी." गप. "जोडी इकली!" गप.

मी हात छातीवर ठेवून म्हनलो, "मास्तर, आता आपन साधू झालो."

मास्तर डब्याले कान लावून बराच वेळ बसले. डब्यावर टिचकी मारली. मंग मले म्हने, "बाबू, डबा म्हनते, तू मेला."

"आं?"

"साधूच्या बोटाले बी थोडा घाम असते. असं कोरडं बोट मुर्द्याचंच." त्याहिनं माहं बोट आपल्या पांढऱ्या धोतरावर पुसलं. काळी रेघ उमटली. मले वाटलं आता खोली जाते. पन मास्तर रागावले नाही. हासले बी नाही. त्या काळ्या रेघेकडे पाहात म्हने, "माही रेघ हालली तं मी जिंकलो. तू तुही रेघ पुसून जिंकाले पाहून राहिला."

त्या दिवशी पयल्यांदा मले झोंबलं. बायकोनं धोतर धुवून देलं, अन् मले पाच दिवस ऐकवलं.

त्यानंतर मी खरा बसलो. अन् एक दिवस काय झालं, मी थकलो होतो, स्टेशनवरून उशिरा आलो, जोर लावायची ताकदच नोती. चिमटे लागले होते अन् मी लाख्याले नाल्यावर धुताना आठवून राहिलो होतो. पाठीवरून पानी टाकलं का तो कशी कातडी थरथरवते, ते. डबा कुंई करून राहिला होता, तो हळूहळू उतराले लागला. जसं विमान लांब जाते तसा. मंग नुसता गुनगुन.

मास्तर एकदम हळू बोलले. "काय केलं?"

"काहीच नाही जी."

"हां," मास्तर म्हने. "हेच. आता हे रोज कर."

दोन महिन्यात मास्तर कितीदाही "झेंडी" म्हनले तरी डबा वर जाई अन् मी त्याले दोन-तीन श्वासात खाली आनत होतो. दवाखान्यात सिस्टरनं बीपी मोजला, पुन्हा मोजला. या खेपेले मी म्हनलो नाही मशीन बिघडली म्हनून. डॉक्टर म्हने चांगलं हाय, गोळी चालू ठेव. मी ठेवली.

मंग धान कापून घरात आला अन् पट आला. भावाच्या गावाजवळच भरला होता. मास्तर माह्या ऑटोत, मांडीवर कापडी पिशवी. मी निश्चिंत. इचार केला होता का सुटाच्या आधी चिमटे लावतो, आवाज खाली आनतो अन् चढतो छकड्यावर. सकाळच्या धावा निघाल्या, त्यात घसरत-पुसरत आमी टिकलो, चिमट्याच्या भरवशावर. शेवटची धाव राहिली. बाजूले बालाघाटवाल्याचीच जोडी. तो भावाकडे पाहून हासला, जसं का लाख्याचं दावं आतापासून त्याच्या हातात.

मी मास्तरकडे बोटं केली. "लावा जी."

मास्तरनं पिशवी पाठीमागं घेतली. "आता डबा नाही."

"काऊन?"

"छकड्यावर कोन देनार तुले डबा?"

"मास्तर, मजाक नोका करू, भाऊ लाख्याले इकून राहिला!"

माही छाती धडधडाले लागली. मास्तरनं माह्या हातात कासरा देला अन् म्हने, "हा तार हाय. तिकडं पाह्य, डबा तिथं हाय."

मी पाह्यलं. लाख्याचा डावा कान. माही मूठ आवळलेली होती, अन् लाख्याचा कान काठीवानी उभा, थरथर करून राहिला होता. पायानं माती उकरून राहिला होता. तीन सालं मी त्या बैलाच्या मागं उभा राहिलो अन् तो कान कधी पाह्यलाच नोता. तो बिचारा दरवर्षी किंचाळून सांगून राहिला होता का बुटक्या, तू घाबरला, म्हनून मी घाबरलो.

मी छकड्यावर चढलो. लोकाईचा गोंगाट, भोंगा, समोर झेंडीवाला. चार मोजत आत. सहा मोजत बाहेर. मूठ ढिली केली. कान तसाच. मी जोर नाही लावला. नाल्यावरचं पानी आठवलं, लाख्याची कातडी. पुन्हा श्वास. अन् कान उतराले लागला. हळू. जसा डबा उतरे तसाच. आडवा झाला. मंग रॉकेटचाही झाला. बाजूची जोडी नाचून राहिली होती, त्याहिचा मानूस शिव्या देऊन राहिला होता. माहे दोघं उभे होते जसे गोठ्यात.

झेंडी पडली.

मले आवाज काढाचं बी आठवलं नाही. दोघं एकदम सुटले, एका रेघेत, छकड्यानं हिसका देला नाही का डोलला नाही. धूळ, वारा, अन् समोर ते दोन कान मागं टेकलेले. बालाघाटची जोडी अर्ध्यावर पट्टी सोडून बाहेर निघाली. आमी सरळ. निशानापार गेलो तईही मी छकड्यावरच होतो, हे मले खाली पाहून खात्री करा लागली.

सारं गाव धावलं. कोनी गुलाल टाकला, कोनी मले खांद्यावर घेतलं, हलका असल्याचा तिथं बी फायदा. माही बायको बायाच्या गर्दीतून जोरात वरडून राहिली होती, "गोळी खाल्ली होती सकाळी, गोळी!" मास्तर कसेबसे माह्यापावतर आले, गुलालानं लाल झालेले, अन् तिथंच माह्या बोटाले चिमटे लावले. डबा जन्मात कधी वाजला नाही इतका किंचाळला.

मी घाबरलो. "मास्तर, एवढं शिकलो अन् हे काय?"

मास्तर हासून राहिले होते अन् डोळ्यातून पानी. त्याच उजव्या हातानं डोळे पुसत म्हने, "वाजू दे बाबू! भेव असो का खुशी, डब्याले दोन्ही सारखेच. कोनतं कोनतं होय, ते आता तुले समजते."

मास्तर आता पोरीकडे नागपुरात राहातेत. जाताना डबा मले देऊन गेले. बायको रोज सांजच्याले माह्या बोटाले चिमटे लावते अन् मंग इचारते, आज कुठं कुठं गेलते. मास्तरचा फोन आला का पयला सवाल माही नाडी, दुसरा लाख्याचा कान.

त्या दिवशी मात्र मी हारतुरे घालून छाती काढून उभा होतो. बालाघाटवाला मान खाली घालून निघून गेला होता. भाऊ लाख्याच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवून राहिला होता. मी लोकाईले आयकू जाईल असा मोठ्यानं म्हनलो, "भाऊ, पाह्यलं का? आनली ना मी जोडी पयली!"

भावानं फडकं पिळलं, लाख्याचा कान पुसला अन् वळून बी न पाहता म्हनला, "मागच्या साली बी हे पयलेच आले होते. यंदा फक्त तू सोबत होता."